कुत्र्यांना घाबरणारा माणूस रविवारी कुठे जातो

आधी हे सांगून टाकतो की मी डॉग लव्हर वगैरे अजिबात नाही. मी कुत्र्यांना घाबरतो. आजही घाबरतो. सोसायटीच्या गेटसमोर दोन कुत्री आडवी पसरलेली असली की मी स्कूटरवर दोन्ही पाय वर उचलून निघतो आणि आमचा वॉचमन तोंड फिरवून हसतो, मला दिसतं ते. कारण जुनं आहे. तिसरीत होतो, नाशिकरोडला राहायचो, शिकवणीहून घरी येताना एका कुत्र्यानं पोटरी धरली. तेव्हा ती पोटातली १४ इंजेक्शनं असायची, आत्ता चाळिशीत असलेल्यांना आठवत असतील. आई रोज बसनं सिव्हिलला घेऊन जायची आणि येताना सीबीएस बसस्टँडला उसाचा रस पाजायची, त्यामुळे माझ्या डोक्यात कुत्रं, सुई आणि उसाचा रस हे एकत्रच बसलंय. रस मी अजून पीत नाही.

तर असा हा माणूस गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी सातला भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरला जातो.

दोष लेकीचा. १३ वर्षांची आहे, तिला तिथे काम करायला जायचं होतं, फोन केला तर ते म्हणाले १८ च्या आतली मुलं एकटी नकोत, सोबत आई किंवा बाबा पाहिजेत. बायको रविवारी सकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवते, म्हणजे राहिलो मी. "अहो, तुम्ही नुसतं गाडीत बसा ना, पेपर वाचा." गेलो बाबा. मुंबई-आग्रा हायवे सोडून जरा आत, तीन बाजूंना द्राक्षबागा आणि मध्ये पत्र्याच्या शेड अन् जाळ्या. काचा वर करून पेपर वाचत बसलो. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी तिथल्या मावशींनी काचेवर टकटक केलं, म्हणाल्या, "भाऊ, कणीची गोणी उतरवायचीय, माझी कंबर धरलीय, येता का जरा?" आता धडधाकट माणसानं गोणी उचलायला कुत्र्याची भीती वाटते असं कोणत्या तोंडानं सांगायचं.

आत पाय ठेवला आणि सत्तर कुत्री एकदम भुंकली. ते जाळीच्या आत आहेत हे डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. मावशी पुढून म्हणाल्या, "पळू नका, त्यांच्याकडं बघू बी नका, गोणीकडं बघा." तसंच केलं. गोणीकडे बघत बघत स्वयंपाकाच्या शेडपर्यंत पोचलो, आणि खरं सांगतो, नंतर वर्षभरात कुत्र्यांबद्दल जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या एका वाक्यात होतं.

स्वयंपाक म्हणजे कणी, चिकनच्या दुकानातून आणलेले पाय आणि माना, लाल भोपळा, हळद. मीठ-मसाला नाही. कांदा तर नाहीच नाही. एकदा कुणीतरी लग्नातला उरलेला पुलाव पातेलंभर आणला, चांगल्या भावनेनं आणला होता, मावशींनी तो परत पाठवला तर माणूस चिडला, म्हणे आम्ही खातो ते कुत्र्यांना चालत नाही का. नाही चालत. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला तरी. आणि द्राक्षं, मनुके यांनी किडन्या निकामी होऊ शकतात. म्हणजे नाशिक जिल्हा ज्या दोन पिकांवर मिरवतो ती दोन्ही कुत्र्याला विष. मला हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आधी हसू आलं, मग बाहेर नजर गेली, तिन्ही बाजूंना घडच्या घड लटकलेले.

त्याच डॉक्टरांनी दुसरं हे सांगितलं की इथे येणार असाल तर आधी रेबीजची लस. चावायच्या आधीच घ्यायची असते हे मला माहीतच नव्हतं. आता दंडात असते, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी, संपलं. मी नर्सला दोनदा विचारलं की नक्की पोटात नाही ना. लेकीनं हे बायकोला सांगितलं, बायकोनं सासूबाईंना, दिवाळीला सगळ्या खानदानासमोर निघालं.

काम काय असतं? झाडणं, धुणं. लोकांना वाटतं की तिथे जाऊन आपण पिल्लं मांडीवर घेऊन बसतो, रील काढतो. तसे येतात की, एका रविवारी चार-पाच जणांचा ग्रुप येतो, फोटो होतात, आणि पुढच्या रविवारी शी उचलायला कुणी नसतं. मला त्यांचा फार राग पण येत नाही, मी स्वतः दोन रविवार काचा लावून बसलेलो. पण सत्तर कुत्र्यांची सकाळची शी ही गोष्ट एकदा समजून घ्या. शिवाय मागचे पाय गेलेली सहा आहेत, हायवेवर गाड्यांनी उडवलेली, पाठीचा कणा मोडलेला. त्यातल्या काहींना स्वतःहून लघवी होत नाही, दोन्ही हातांनी पोट हळू दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, दिवसातून तीन वेळा, नाहीतर इन्फेक्शन होतं. हे काम माझ्या लेकीला येतं. घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही ती मुलगी.

ब्रीडवाल्यांचं वेगळं दुःख. एक हस्की आहे, ऐन मे महिन्यात कुणीतरी गेटला बांधून गेलं, नाशिकच्या उन्हात बर्फातलं कुत्रं, अंगावर दोन बोटं जाड केस आणि आत सगळं खाजवून लाल. गावठी कुत्रं आलं की दुसऱ्या दिवशी भात कुठे मिळतो, मावशी किती वाजता येतात, कोणाशी पंगा घ्यायचा नाही हे सगळं त्याला कळलेलं असतं. हा हस्की महिनाभर गेटकडे तोंड करून बसायचा, गाडीचा आवाज आला की उठायचा. आणि दत्तक घ्यायला येणारे लोक आल्या आल्या विचारतात, "ब्रीड आहे का?" आहे ना, बघा, तो बसलाय. मग म्हणतात, नको, केस फार गळतात.

पिल्लांचं सांगायचं तर त्याला आपल्याकडे महिना ठरलेला आहे. भाद्रपद. कुत्र्यांचा भाद्रपद ही काही नुसती म्हणायची गोष्ट नाहीये, कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, म्हणजे भाद्रपदातली पिल्लं कार्तिकात जन्मतात आणि आईच्या दुधावरून सुटायला लागतात तेव्हा इकडे थंडी कडक पडलेली असते. निफाडचा पारा किती घसरला हे पेपरात पहिल्या पानावर येतं ना, नेमके त्याच दिवसांत शेल्टरच्या गेटपाशी खोकी सापडतात. मी जायला लागलो त्या डिसेंबरातच टोमॅटोच्या क्रेटमध्ये चार सापडली, वर गोणपाट टाकलेलं. लेकीनं बारसं केलं, मिसळ, पाव, तर्री आणि शेव.

दहा दिवसांत पार्वो. आधी शेवनं खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि त्याला एक वास असतो जो ज्यानं घेतला तो विसरत नाही. पार्वोवर थेट औषध नाही, सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, बाकी त्या जिवाच्या हातात. त्याचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलनं मरत नाही, ब्लीच लागतं, म्हणून त्या खोलीत जाणाऱ्याचे बूट वेगळे, कपडे वेगळे, आणि तिथून निघालेल्यानं दुसऱ्या पिल्लांकडे फिरकायचं नाही. लेकीला आत सोडलं नाही. मी गेलो, कारण चार दिवस ऑफिसला सुट्टी होती आणि एवढ्याशा पिल्लांची भीती मला पण वाटत नाही. रात्री दोनला सलाईनची बाटली बदलायला मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून उभा होतो तेव्हा मनात आलं, अरे आपण इथे काय करतोय.

शेव आणि पाव गेले. तर्री कॉलेजरोडच्या एका आजींकडे आहे. मिसळ शेल्टरलाच राहिला, एका डोळ्यात फूल पडलंय म्हणून कुणी नेत नाही. ज्यांनी क्रेट ठेवला त्यांनी कुत्रीची नसबंदी वेळेवर केली असती तर... असो.

आता झेंडी. खरं तर तिच्याबद्दलच लिहायला बसलो होतो.

२०२५ चा ऑगस्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते बघायला लोक पुलावर, घाटावरच्या टपऱ्या वर हलवलेल्या, त्या गडबडीत फुलांच्या दुकानांमागे एक पिवळट तपकिरी कुत्री सापडली. मानेला वास येत होता म्हणून कुणीतरी फोन केला. आमच्या रेस्क्यूच्या पोरांना जाळं टाकून धरायला दोन तास लागले. गळ्यात दोरी होती. म्हणजे गळ्यात म्हणायचं, दिसत नव्हती. लहानपणी कुणीतरी बांधलेली नायलॉनची दोरी, कुत्री मोठी झाली आणि दोरी तेवढीच राहिली, कातडी फाडून आत मांसात रुतलेली आणि वरून अळ्या. भूल देऊन डॉक्टरांनी ती कापून काढली, तासभर गेला. दोरीच्या टोकाला काहीतरी कडक लागलं, धुऊन बघितलं तर घुंगरू. गंजलेलं, पितळेचं, बोराएवढं.

झेंडी हे नाव मावशींनी ठेवलं, फुलबाजारातली म्हणून.

ती कुणाला जवळ येऊ देईना. कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायची, माणूस दिसला की थरथर, हात दिसला की दात. ड्रेसिंग तर रोज पाहिजे. मग मुसकी बांधायची, दोघांनी धरायचं, ती ओरडायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी घाबरायची. सगळ्यांनी करून बघितलं. आमच्याकडे कुत्र्यांवर जीव टाकणारी पोरं-पोरी आहेत, ती आत जायची, "अले माझं बाळ" करत हात पुढे करायची, की झालं. माझी लेक तर रडायचीच तिच्यासमोर. एकदा डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बसा तिच्याकडे." मी म्हटलं, मी? मला भीती वाटते. म्हणाले, "म्हणूनच. तुम्ही हात लावणार नाही."

खरंच नाही लावला. प्लास्टिकचं स्टूल घेऊन दारापाशी बसलो, दार अर्धवट उघडं ठेवून, म्हणजे तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तिच्याकडे पाठ करायची हिंमत नव्हती आणि डोळ्यात बघायचं नाही हे मावशींनी शिकवलेलं, मग आडवा बसलो, भिंतीकडे तोंड करून. अर्धा तास काय करायचं? पेपर होता. मोठ्यांदा वाचायला लागलो. लासलगावचे कांद्याचे भाव वाचले, महापालिकेच्या बातम्या वाचल्या, सिंहस्थाच्या रस्त्यांची कामं कुठे अडली ते वाचलं, राशिभविष्यात तिची रास कुठली धरायची कळेना म्हणून कुत्र्यांचा महिना भाद्रपद धरून कन्या काढली. प्रवासाचे योग होते.

पहिले दोन रविवार काही नाही. तिसऱ्या वेळेला ती जांभया द्यायला लागली, मला वाटलं कंटाळली, डॉक्टर म्हणाले की नाही, कुत्रं टेन्शनमध्ये असलं तरी जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं, म्हणजे 'मला भांडायचं नाहीये' असं सांगतं. मी पण जांभई दिली. काय माहीत, तिला समजली तर. चौथ्या रविवारी थरथर थांबली, पुढचे पाय लांब करून डोकं त्यावर ठेवलं. मला हे सगळं कोपऱ्यातून दिसत होतं, मान न वळवता बघायची आता सवय झालेली. आणि पाचव्या रविवारी मी कांद्याच्या भावावर असताना माझ्या बुटाला काहीतरी ओलं लागलं.

मी वाचत राहिलो. हात गार पडलेले, पोटरीत तिसरीतली जुनी कळ आली, आवाज कापत होता, पण क्विंटलला किती ते वाचत राहिलो. तिनं बूट हुंगला, पँट हुंगली, त्याच पोटरीपाशी नाक नेलं, आणि परत कोपऱ्यात जाऊन बसली. बाहेर जाळीपलीकडे लेक उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, हे अनफेअर आहे, तुम्हाला तर कुत्री आवडत पण नाहीत."

नेमक्या त्या ऑगस्टमध्ये इकडे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महायुद्ध चाललेलं. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असं सांगितलं, २२ ला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून जिथली तिथे सोडा, रेबीज झालेली किंवा हल्ला करणारी मात्र सोडू नका, आणि खायला ठरलेल्या जागीच घाला. नोव्हेंबरात पुन्हा शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची उचला आणि परत तिथे सोडू नका, असं आलं. दर वेळी ग्रुपवर एक पार्टी फटाके लावायची आणि दुसरी शिव्याशाप. मी शेल्टरला जातो हे कळल्यावर मला पण टॅग करायचे, तुमच्या शेल्टरला न्या ना इथली सहा. अहो, सत्तरांची जागा सत्तरांनीच भरलीय. आणि सहा उचलली तरी शेजारच्या गल्लीतली सहा येणार, तीही लस न घेतलेली. नाशिकलाच काय, देशभर २०२३ च्या नियमांप्रमाणे पद्धत हीच आहे, धरा, नसबंदी करा, लस द्या, कानाला खूण करा, त्याच जागी सोडा. काम हळू चालतं, फार हळू चालतं, तो राग मला मान्य आहे.

पण दुसऱ्या पार्टीवर पण माझा राग आहे. चावलेल्या माणसाला 'तुम्हीच काहीतरी केलं असणार' म्हणणाऱ्यांवर. मी काही केलं नव्हतं, माझ्या हातात पाढ्यांचं पुस्तक होतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे भीती वाटणं हे काही मागासलेपण नाही. चावलं तर आधी नळाखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस. हळद, चुना, मिरचीपूड लावत बसू नका, आमच्याकडे अजून लावतात. हे मी ग्रुपवर टाकलं तर दोन्ही पार्ट्यांनी अंगठा दिला नाही.

ऑक्टोबरपर्यंत झेंडीची मान भरली. मी पेपर वाचत असताना डॉक्टर मागून येऊन ड्रेसिंग करून जायचे, मुसकीशिवाय, मी फक्त आवाज चालू ठेवायचा. मग नसबंदी झाली, लस झाली, डाव्या कानाचं टोक कापलं. दिवाळीच्या फटाक्यांत रात्रभर माझ्या स्टुलाखाली शिरून बसली होती असं मावशींनी सांगितलं. मी नव्हतो तिथे, नुसतं स्टूल.

आणि मग एका रविवारी मीच डॉक्टरांना विचारलं की हिला घरी नेऊ का. कसं विचारलं मला माहीत नाही. लेक माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, "तिचं घर आहे की, काका. दोन-अडीच वर्षं तिथेच वाढलीय. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर काय करेल ती? फुलवाल्या मावशींचे दोन फोन येऊन गेले, आमची पिवळी कुठंय म्हणून." नसबंदी झालेली, लस झालेली, फुलांच्या त्या गल्लीत परत सोडायला आडकाठी नव्हती. मी मान हलवली. अकाउंट्समध्ये आहे मी, एंट्री ज्या खात्याची त्याच खात्यात जाते हे मला कुणी समजवायला नको. तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आधीचा रविवार होता, झेंडूची गर्दी. व्हॅनचं दार उघडलं, पिंजरा उघडला, झेंडी दोन मिनिटं आत बसून नुसतं हुंगत राहिली. मग उतरली, माझ्याकडे, लेकीकडे, कुणाकडेच न बघता तडक एका हातगाडीखाली गेली आणि ओल्या पोत्यावर गोल फिरून बसली, जशी सकाळी उठून जरा बाहेर जाऊन आली असावी. गाडीवरच्या मावशी हार ओवता ओवता वाकल्या. "आली का गं बाई." त्यांनी पुडीतून भाकरीचा तुकडा काढून खाली टाकला आणि तिनं तो घेतला, त्यांच्या हाताला न घाबरता.

मग त्यांनी तिची मान बघितली. केस नव्हते तिथे, पट्ट्यासारखी गोल गुलाबी खूण.

"घुंगरू कुठं गेलं हिचं? नातवानं सप्तशृंगीच्या जत्रेतून आणलं होतं."

घुंगरू माझ्या गाडीच्या खणात होतं, पार्किंगच्या पावत्यांमध्ये. मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं, अळ्यांचं नाही, दोरी घट्ट झाली होती, कापावी लागली, एवढंच. मावशींचा सुईचा हात थांबला. गाडीखाली बघितलं, मग दुसरा हात आपोआप स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडे गेला.

"एवढीशी होती ओ भाऊ तेव्हा," म्हणाल्या. "लई गोड वाजायचं."